डिफेन्सिव्ह: बचाव कोणाचा, खर्च कोणाचा

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही दक्षिण मुंबईतली मैदाने एकेकाळी एकच सलग मोकळा पट्टा होती, आणि तो पट्टा मोकळा राखला गेला तो मुलांना खेळायला जागा हवी म्हणून नव्हे. इंग्रजांच्या कोटाभोवती तट होता, तटाबाहेर खंदक होता आणि खंदकापलीकडे शत्रूला आडोसा मिळू नये, तटावरच्या तोफांना समोरचे सारे स्वच्छ दिसावे, यासाठी तेथे बांधकामाला मज्जाव होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. खंदकाचे काम त्या धास्तीतून हाती घेतले गेले आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. ‘डिफेन्सिव्ह’ म्हणजेच बचावात्मक या विशेषणाचा हा सर्वांत सरळ अर्थ आहे: हल्ला होणार असे धरून आधीच केलेली तजवीज.

या तटाची पुढची हकिगत अधिक बोलकी आहे. १८१८ साली पेशवाई संपली आणि मराठ्यांकडून हल्ला होण्याची शक्यताच उरली नाही, तरी तट त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे उभा राहिला. आतल्या वस्तीला वाढायला जागा नव्हती, घरे घरांना टेकली होती आणि १८०३ च्या मोठ्या आगीत त्या दाटीचा परिणाम शहराने भोगला होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तट अखेर पाडला गेला. (तटाचा ‘चर्च गेट’ हा दरवाजा आज जेथे फ्लोरा फाउंटन आहे तेथे होता, चर्चगेट स्टेशन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असूनही ते नाव मिरवते.) बचावाला खर्च असतो आणि धोका टळला तरी बचाव आपणहून टळत नाही, या दोन गोष्टी येथे एकत्र दिसतात. हाच शब्द आज मैदानात, दलाल स्ट्रीटवर, दवाखान्यात, मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये आणि घरातल्या भांडणातही ऐकू येतो. कोठे तो कौतुक असतो, कोठे सल्ला, तर कोठे ठपका. हे कशावरून ठरते, ते धोका खरा आहे का आणि बचावाचा खर्च कोण सोसतो, हे विचारल्यावर बहुतेक वेळा उलगडते.

त्याच मैदानांवर मुंबईचे क्रिकेट वाढले आणि मुंबईच्या फलंदाजाला ‘खडूस’ हे बिरुद मिळाले ते मुख्यतः त्याच्या बचावामुळे. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर चेंडू कधी दबतो, कधी उसळतो आणि तेथे टिकायचे तर बचावाचा फटका पक्का असावा लागतो. हा फटका जवळून पाहिला तर त्यात निष्क्रियता कोठेच नसते. पुढचा पाय चेंडूच्या टप्प्यापाशी जातो, डोके चेंडूच्या रेषेत राहते, बॅट आणि पॅड यांच्यात फट उरत नाही, वरच्या हाताची पकड घट्ट असते आणि खालच्या हाताची मुद्दाम सैल ठेवलेली असते. ती सैल असते म्हणूनच चेंडूचा जोर बॅटवर मरतो आणि तो अगदी जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या, म्हणजे सिली पॉइंटच्या, हातात उडण्याऐवजी फलंदाजाच्या पायाशी पडतो. धावा शून्य मिळतात, पण गोलंदाजाचा एक चांगला चेंडू वाया गेलेला असतो.

हाच फटका केव्हा गुण ठरतो आणि केव्हा दोष, याचा पुरावा एकाच माणसाच्या कारकिर्दीत सापडतो. सुनील गावसकर यांनी १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पदार्पणाच्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या आणि निवृत्तीपर्यंत कसोटीत १०,१२२ धावांचा डोंगर रचला. या साऱ्याच्या मुळाशी त्यांचा बचाव होता. मात्र ७ जून १९७५ रोजी, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी, लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्यावर तेच गावसकर संपूर्ण ६० षटके खेळून १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले आणि भारत २०२ धावांनी हरला. कसोटीत चेंडूंना तोटा नसतो आणि गडी मोलाचा असतो, म्हणून सोडून दिलेला चेंडू कोणाच्याच खिशातून जात नाही. मर्यादित षटकांत चेंडू मोजके असतात आणि एकाने अडवलेला प्रत्येक चेंडू उरलेल्या दहा जणांच्या वाट्यातून वजा होतो.

गोलंदाजीही बचावात्मक असू शकते, हे नव्या पिढीच्या प्रेक्षकाला विचित्र वाटेल. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णी यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. डावाअखेर त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि शून्य बळी असे होते. कारकिर्दीत त्यांनी षटकामागे सरासरी १.६७ धावाच दिल्या. बळी न घेता समोरच्याला जखडून ठेवणे हेही एक काम आहे आणि ते सामना न हरण्यासाठी चोख उपयोगी पडते. जिंकण्यासाठी मात्र दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी गडी बाद करावे लागतात. तो सामना अनिर्णित राहिला. त्या दिवशी पैसे मोजून बसलेल्या प्रेक्षकांचे मत काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

कबड्डीत मात्र हा हिशेबच उलटा आहे. लालबाग-परळच्या गल्ल्यांत ज्यांनी सामने पाहिले आहेत त्यांना सांगायला नको की चढाई करणाऱ्याला मध्यरेषेपलीकडे परत जाऊ न देणे हा नुसता बचाव नसून गुण मिळवण्याचा रस्ता असतो. चढाईला ३० सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात कोपरारक्षकाने घोटा धरला आणि साखळीने वेढा आवळला की पकड करणाऱ्या संघाला गुण मिळतो. प्रो कबड्डीच्या नियमांत मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो, म्हणजे अडचणीतल्या बचावाला दुप्पट मोबदला. बचावाला बक्षीस देणारा नियम केला की बचावपटू आपण होऊन झेप घेतो. बुद्धिबळातल्या ‘सिसिलियन डिफेन्स’सारख्या नावांवरून मात्र कोणी काही अनुमान काढू नये. तेथे ‘डिफेन्स’ एवढ्यासाठीच म्हणतात की ती काळ्या मोहऱ्यांची, म्हणजे नंतर चाल करणाऱ्याची सुरुवात असते. सिसिलियन तर अत्यंत आक्रमक खेळाकडे नेते.

दलाल स्ट्रीटवर ‘डिफेन्सिव्ह शेअर’ हा शब्द ऐकून नवखा गुंतवणूकदार हमखास फसतो, कारण त्याला ‘डिफेन्स’, म्हणजे संरक्षण उत्पादनाच्या कंपन्या, आठवतात. हे दोन परस्परविरुद्ध स्वभावाचे शेअर आहेत. युद्धनौका आणि पाणबुड्या बांधणाऱ्या माझगाव डॉकचा शेअर १४५ रुपयांना विकला जाऊन ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात नोंदला गेला आणि त्यानंतर त्याने उंच उड्याही मारल्या, गटांगळ्याही खाल्ल्या. सरकारी कंत्राटांच्या बातम्यांवर हलणारा असा शेअर डिफेन्सिव्ह मुळीच नव्हे. मंदीतही ज्यांचा माल खपतोच अशा कंपन्यांच्या शेअरना डिफेन्सिव्ह म्हणतात: साबण, टूथपेस्ट, चहा, औषधे, वीज. नोकरी गेली तर माणूस नवी गाडी घेणे लांबणीवर टाकतो, पण रक्तदाबाची गोळी लांबणीवर टाकत नाही.

बाजाराच्या भाषेत या शेअरचा ‘बीटा’ एकाहून कमी असतो. बीटा ०.६ याचा अर्थ असा की संपूर्ण बाजार १० टक्के पडला तर हा शेअर सर्वसाधारणपणे ६ टक्क्यांच्या आसपास पडेल, आणि बाजार १० टक्के वर गेला तरी तोही तेवढाच, सुमारे ६ टक्के चढेल. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये जवळजवळ ८,००० पर्यंत खाली आला. अशा पडझडीत ही ढाल उपयोगी पडते. तिची किंमत तेजीत मोजावी लागते, शेजारी दुप्पट पैसे करून बसलेला असतो तेव्हा. ही किंमत ज्याची त्याने उघड्या डोळ्यांनी स्वीकारलेली असल्याने तीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. एकच मेख अशी की घाबरलेला सारा बाजार जेव्हा याच शेअरमागे धावतो तेव्हा ते इतके महाग होतात की त्यांतली सुरक्षितता भावातच विरून जाते.

‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’ म्हणजे हळू किंवा भित्रेपणाने गाडी चालवणे, असा एक समज आहे. पूर्व मुक्त मार्गावर उजव्या मार्गिकेत ताशी चाळीसच्या वेगाने रमतगमत जाणारा माणूस डिफेन्सिव्ह नसून इतरांना धोका असतो. दुसरा चालक चुकणारच असे धरून आपल्याकडे वेळ आणि जागा राखणे, हा त्याचा खरा अर्थ. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणून पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे, म्हणजे ३३ मीटरांचे अंतर हवे आणि पावसात त्याच्या दुप्पट. पुढची गाडी खांबापाशी पोहोचली की मनात मोजायला लागावे. दोन सेकंद होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. बेस्टच्या बसजवळून दुचाकी नेताना बसच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, असे समजावे.

मुंबईकर यावर लगेच म्हणेल की एवढे अंतर ठेवले तर त्यात रिक्षा घुसते. घुसतेच. पण घुसलेल्या एका वाहनामागे आपण पुन्हा दोन सेकंद मागे सरकलो असे धरले, तर वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत तीस वाहने घुसली तरी उशीर एक मिनिटाचा होतो. मला वाटते, लोकांना तो एक मिनिट सलत नाही. कोणीतरी आपल्यापुढे गेले हे सलते.

कायद्यात हाच शब्द सर्वांत काटेकोर होतो. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होती. स्वतःच्या शरीराचा, दुसऱ्याच्या शरीराचा आणि मालमत्तेचाही बचाव करण्याचा हक्क येथे मान्य केलेला आहे, पण बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क मिळतच नाही. लोकलच्या दारात मोबाइल हिसकावणाऱ्याचा हात पिरगळणे हे संरक्षण झाले. चोरीच्या बाबतीत ऐवज परत मिळाला की हक्क संपतो, त्यामुळे मोबाइल हातात आल्यानंतर डब्यातल्या दहा जणांनी त्या मुलाला बदडणे हा कायद्याच्या नजरेत स्वतंत्र गुन्हा आहे. धोका संपला त्या क्षणी बचावही संपला पाहिजे, हे कायदा लिहून सांगतो. इतर क्षेत्रांत ते कोणीच सांगत नाही.

म्हणून ‘डिफेन्सिव्ह मेडिसिन’कडे यावे लागते. रुग्णाच्या गरजेपेक्षा उद्या होऊ शकणाऱ्या दाव्याचा विचार करून दिलेले उपचार किंवा लिहिलेल्या तपासण्या, असा त्याचा अर्थ आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही त्या कायद्याखाली आणली. रुग्णाला दाद मागायला जागा मिळाली, हे योग्यच झाले. दुसरीकडे डॉक्टरांची भीतीही मनची नाही. नातेवाइकांकडून होणारी मारहाण आणि तोडफोड रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यासाठी दोषी धरायचे तर निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे.

तरीही भीती कागदावर उतरते ती अशी. अर्धशिशीची सर्व लक्षणे असलेली, तपासणीत बाकी काहीही न आढळलेली एक तरुण मुलगी दवाखान्यात येते. अनुभवी डॉक्टरला निदान कळलेले असते, पण लाखांत एखादी गाठ निघाली तर ‘स्कॅन का केला नाही’ हा प्रश्न त्यालाच विचारला जाणार असतो, म्हणून तो स्कॅन लिहून देतो. सीटी स्कॅन असेल तर क्ष-किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट असते. शिवाय स्कॅनमध्ये निरुपद्रवी असे काहीतरी दिसते आणि त्याचा छडा लावण्यासाठी आणखी दोन तपासण्या होतात. याचीच दुसरी बाजू म्हणजे गुंतागुंतीचा रुग्ण हातात न घेणे: रात्री अकराला लहान नर्सिंग होमच्या दारातून ‘मोठ्या हॉस्पिटलात न्या’ असे सांगून परत पाठवणे. प्रत्येक जादा तपासणी अशीच असते असे मुळीच नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कोणती कशासाठी लिहिली हे बहुधा कळतही नाही. पण गावसकरांच्या ३६ धावांचा जो दोष होता तोच येथे अधिक गंभीर होऊन येतो: बचाव एकाचा आणि बिल दुसऱ्याचे.

बचाव दार लावूनच करावा लागतो असेही नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. त्याला हरकत घेतली गेली तेव्हा गिरगावात वाढलेले रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवून ही माहिती आधीपासून ज्ञात असल्याचे दाखवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. आपल्याकडच्या आजीला हे सिद्ध करावे लागते याचा अचंबा वाटला असता, पण पेटंट कार्यालयाला आजी चालत नाही, कागद लागतो. म्हणून पुढे पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा डिजिटल संग्रह उभारला गेला आणि निरनिराळ्या देशांच्या पेटंट कार्यालयांना तो करार करून पाहू दिला जातो. या पद्धतीला ‘डिफेन्सिव्ह’ संरक्षण म्हणतात: आपण मक्तेदारी मागायची नाही, फक्त दुसऱ्याला ती मिळू द्यायची नाही.

आता राहिला तो घरगुती वापर. ‘काही विचारले की तो लगेच डिफेन्सिव्ह होतो’ या वाक्यातला शब्द मानसशास्त्रातून आला. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९० च्या दशकात मांडलेली कल्पना त्यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये व्यवस्थित विस्तारली: असह्य भावना किंवा अप्रिय सत्य यांपासून मन स्वतःला नकळत वाचवते. मराठी म्हणींनी या यंत्रणांची नोंद फार आधी केलेली आहे. न मिळालेल्या गोष्टीला नावे ठेवणे म्हणजे कोल्ह्याला द्राक्षे आंबट, स्वतःचा दोष दुसऱ्यात पाहणे म्हणजे कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे, आणि साहेबाचा राग घरी मुलावर काढणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर. या यंत्रणा मुळात वाईट नाहीत. लहानपणी सतत बोलणी खाल्लेल्या मुलाला त्यांनीच तग धरायला मदत केलेली असते. तो पंचेचाळीस वर्षांचा झाला, बोलणी थांबली, आणि तरी तट जागचा हलला नाही, तेव्हा त्रास सुरू होतो.

तो त्रास असा दिसतो. ‘अहो, या महिन्याचा मेंटेनन्स भरलात का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. त्याऐवजी येते ते असे: ‘मला काय तेवढं एकच काम आहे? मागच्या महिन्यात लाइट बिल तुझ्याकडे होतं, तेव्हा मी काही बोललो का?’ विचारले होते पैशांबद्दल, उत्तर मिळाले चारित्र्याबद्दल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी संसार मोडकळीला आणणाऱ्या चार सवयींमध्ये दूषणे, तुच्छता आणि अबोला यांच्या जोडीला हा पवित्रा धरला आहे, आणि त्यावर त्यांचा उतारा असा की आपल्याकडे जाणारा दोषाचा लहानसा भाग तरी मान्य करावा. ‘राहून गेलं, आज भरतो’ या चार शब्दांत तो मावतो.

मात्र हा शब्द ठपका म्हणून वापरणाराही प्रत्येक वेळी निर्दोष नसतो. ‘तू एवढा डिफेन्सिव्ह का होतोस?’ हे वाक्य ऐकणाऱ्याची दोन्हीकडून कोंडी करते: उत्तर दिले तर आरोप सिद्ध, गप्प राहिला तर आरोप मान्य. एखाद्यावर खरोखरच अन्यायाने बोट रोखलेले असेल तर त्याने बाजू मांडणे आवश्यक असते, आणि कचेरीत कारणे दाखवा नोटीस मिळालेल्या माणसाला तर ती मांडण्याचा हक्कच असतो. त्या उत्तरात नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे तारीख, कागद आणि साक्षीदार यायला हवेत. ‘बाकीचेही उशिरा येतात’ हे वाक्य यायला नको. ते कटाक्षाने गाळले की उरलेले उत्तर कितीही लांब झाले तरी त्याला डिफेन्सिव्ह म्हणण्याचे कारण नाही, आणि साहेबांनी तसे म्हटलेच तर तेही लेखी मागून घ्यावे.